मांडीवर सूप घ्यायचं नाही

माय, आणि एवढं सगळं करून वर तुझी नात मलाच म्हणते, "आई, तू नाही म्हणलं तं मी नाही करणार. खरंच नाही करणार." हे काय बोलणं झालं? हट्ट करायचा, भांडायचं, फोन आपटायचा. मी तुझ्याशी भांडायची तशी ती भांडली असती तर दोन शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. पण हिला परदेशात शिकवलं काय, तर हळू बोलायला. मोबाइलच्या त्या चौकोनात मफलर गुंडाळून बसते, कॉफीचा मग दोन्ही हातांत धरते आणि गोड आवाजात सगळं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून देते. रविवारी तिचा फोन येईल. सोमवारी तिला तिकडे कळवायचं आहे. त्याच्या आत मी हो किंवा नाही सांगायचं, आणि मी काय सांगू? शपथ माझी नाही, तुझी आहे. तू घातलीस आणि निघून गेलीस. आता मी मधल्यामध्ये.

बोलते तशी लिहीत नाही म्हणून हसू नको. सातवीपर्यंत बाईंनी जसं लिहायला लावलं तसंच लिहिता येतं, हातात पेन आला की तोंडातलं मले-तुले आपलं आपणच मागे सरकून बसतं. आणि पत्र लिहायची सवय तरी कुठं आहे? ठेल्यावरच्या पाटीवर 'तर्री पोहे' लिहिलं, तेवढंच माझं लिहिणं.

तुला तुझी नात आठवत असेल ती झबल्यातली, तुझ्या कानातल्या बाळ्या ओढणारी. ती आता माझ्यापेक्षा उंच आहे. इथंच नागपुरात औषधाचं कॉलेज केलं, मग सरकारची शिष्यवृत्ती लागली आणि इंग्लंडला गेली, पुढचं औषधाचंच शिकायला. वर्षभराचं शिक्षण. माझं सगळं ठरलेलं होतं. मी वर्धा रोडवर पोह्याचा ठेला लावते, मिहानकडे वळायच्या रस्त्यावर. सकाळी तिथल्या कंपन्यांतली पोरं-पोरी माझ्याकडे खाऊन पुढे जातात. पोरींच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, कार्डावर फोटो. तर्री सांडू नये म्हणून त्या कार्ड पाठीवर टाकतात आणि वाकून खातात. ते पाठीवर टाकलेलं कार्ड मी रोज बघते. मी ठरवलं होतं, माझी पोरगी एक दिवस असंच कार्ड पाठीवर टाकून माझ्याच ठेल्यावर वाकेल, आणि मी म्हणेन, मॅडम, शेव टाकू का अजून? एवढंच माझं स्वप्न. फार मोठं नाही. आणि माय, ते झालं होतं गं! तिकडूनच तिची मुलाखत झाली, मिहानमधल्या औषधाच्या कंपनीनं तिला बोलावलंसुद्धा. ठेल्यावरून त्या कंपनीची पाण्याची टाकी दिसते मला.

आणि आता बाईसाहेब म्हणतात, कंपनी नको. बिडी वळणाऱ्या बायांच्या छातीचा अभ्यास करायचा आहे. तिथल्या विद्यापीठात तीन-चार वर्षं, त्यातली निम्मी इथं. इथं म्हणजे कुठं, तर तुझ्या गल्लीत. तू जिथं बसायचीस त्या ओट्यांवर. सात समुद्र ओलांडून पोट्टी गेली आणि फिरून तुझ्या सुपापाशी आली. मग आम्ही पळालो तरी कशाला?

मला त्या सुपाचा राग आहे, हे तुला मी जिवंतपणी कितीदा सांगितलं. सकाळी डोळे उघडले की तू ओट्यावर, मांडीवर सूप, सुपात एका बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेला तेंदूपत्ता, दुसऱ्या बाजूला तंबाखूचा ढीग. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळायचं, दोरा, आणि नखानं तोंड दुमडायचं. तुझी मान सुपावर अशी वाकलेली की मला तुझा चेहरा कमी आणि तुझा भांग जास्त आठवतो. सगळ्या गल्लीचं तेच. आणि तुमची ती रीत. सुपापाशी रिकाम्या हातानं कोणी बसायचं नाही. गप्पा मारायला आली, रडायला आली, नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायला आली, तरी आल्याबरोबर समोरच्या सुपातलं पान उचलायचं आणि कापत कापत बोलायचं. हात रिकामे असलेल्या बाईशी कोणी मनातलं बोलत नसे. ती सरळ पाहुणी. तिला पाणी द्यायचं आणि वाटेला लावायचं.

शाळेत माझ्या शेजारी बसणारी पोरगी एक दिवस दप्तर उचलून दुसऱ्या बाकावर गेली. नाकाशी रुमाल धरला होता. मी घरी आले आणि तुझ्या सुपाला लाथ मारली. सगळी तंबाखू मातीत. उद्यापासून शाळेत जाणार नाही म्हणाले. तू उठलीस आणि असं थोबाडीत मारलंस की माझी रिबन सुटली. मला वाटलं, तंबाखूसाठी मारलं. तू म्हणालीस, "तंबाखू निवडता येते मले. शाळा नाही म्हनशील तं हात तोडीन." आणि मग तूच दोन वर्षांनी, बाबा गेल्यावर, मला शाळेतून काढून आपल्या शेजारी बसवलंस. दुसरं सूप आणलंस, लहान. त्या दिवशी तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी तुला तेव्हा काही विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. पोटाला लागत होतं, मला कळत होतं. लग्न होईपर्यंत त्या लहान सुपाचं मोठं सूप झालं.

गोड काय ते संध्याकाळचं. बिड्या कारखान्यात देऊन आलीस की डब्यातून गुळाचा खडा काढायचीस, एक तुझ्या जिभेखाली, एक माझ्या. "गूळ खाल्ला की धूळ उतरते." सगळ्या गल्लीत सगळ्या बाया संध्याकाळी गूळ चघळत बसलेल्या असायच्या, औषध घेतल्यासारख्या. तुझा खोकला वाढला तसा तुझा खडाही मोठा झाला. शेवटी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "बिडी ओढता का?" तुला काय राग आला! "एक बी नाही साहेब. वळते." डॉक्टर म्हणाला, "मग काही नाही," आणि खोकल्याची बाटली लिहून दिली. बाहेर येऊन तू मला म्हणालीस, "पाह्य, काही नाही म्हनला." तुला बरं वाटलं होतं. मलाही वाटलं होतं.

आणि ती शपथ. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, अंगाला हळद, घरात पाहुणे, आणि तू मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलंस. भिंतीवर तो फोटो, आपल्या प्रत्येकाच्या घरात असतो तो, कोट, टाय, हातात पुस्तक. तू माझा हळदीचा हात उचलून फ्रेमच्या काचेवर ठेवलास. "म्हन, माह्या पोरीच्या मांडीवर सूप येनार नाही." मी म्हटलं, पोरगी तर होऊ दे आधी. तू म्हणालीस, "आधीच म्हन." मी म्हटलं. काचेवर माझ्या पाच बोटांचा पिवळा ठसा उमटला, तो तू पुसला नाहीस. संसाराची भांडी दिलीस, गोधड्या दिल्या, पण मी सवयीनं माझी पानं कापायची कैची ट्रंकेत टाकली होती ती तू शोधून काढून घेतलीस. "कैची गेली की काम मागं मागं येते." बाकी कशावर तुझा विश्वास नव्हता. ना नवस, ना उपवास, मेलेलं माणूस कुठं जात नाही आणि कुठून येत नाही असं तूच सांगायचीस. पण ही शपथ तुला हवी होती.

पोरगी झाली तेव्हा तू बघायला आलीस ती पिशवीत संत्र्याच्या साली भरून. रसवाल्याच्या गाडीवरून गोळा करून आणलेल्या. मोरीत बसून कोपरापर्यंत हात सालींनी घासलेस, पुन्हा पुन्हा, मी ओरडले की बस झालं, तेव्हा कुठं तिला उचललंस. तरी तंबाखूचा वास होताच. संत्र्याच्या आत तंबाखू. माय, बाजारात संत्र्याचा ढीग दिसला की मला अजूनही तुझी आठवण येते, आणि काहीतरी कमी आहे असं वाटतं.

तर अशी ती पोरगी. तिला हे सगळं मी कधी सांगितलं नव्हतं. आजी बिड्या वळायची, एवढं तिला माहीत. गूळही माहीत, कारण तो मी तिला शाळेतून आल्यावर द्यायची, आजी धूळ उतरायला खायची एवढंच सांगून. मग हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं कुठून? मी त्या इंग्लंडला शिव्या देते ते उगीच नाही. तिचं होस्टेल म्हणजे एक बंद पडलेली कापडगिरणी. आपल्याकडे मिल बंद पडली तर भिंती पडेपर्यंत कोणी बघत नाही, तिकडे त्यांनी आत खोल्या केल्या, रंग दिला आणि पोरं ठेवली. खाली दारातच भिंतीवर जुने फोटो. मागावरच्या बाया, तोंडाला फडकं बांधलेल्या. आणि एका काचेच्या पेटीत, काय ठेवलं असेल? धूळ. कापसाची धूळ, त्या बायांच्या छातीत जायची ती. वर लिहिलेलं, या धुळीनं माणसं कशी आजारी पडली आणि कायदा कसा झाला. पोट्टीनं मला मोबाइलवर दाखवलं. मी म्हटलं, "भैताड लोक हायेत का वं? कचरा काचेत ठेवतात?" ती हसली नाही.

तिथं रविवारी एक म्हातारी येते, लोकांना ते फोटो समजावून सांगायला. तिची आई त्याच गिरणीत होती. आपल्या पोट्टीनं तिला विचारलं की धुळीवर त्या काही खायच्या का. म्हातारी म्हणाली, दूध प्यायच्या. दुधानं धूळ खाली उतरते असं सगळ्यांना वाटायचं. आणि आमची पोट्टी म्हणाली, माझी आजी गूळ खायची. बस. तिथून सुरू झालं. त्या म्हातारीनं तिचा हात धरला म्हणे, आणि दोघी त्या धुळीच्या पेटीसमोर कितीतरी वेळ बोलत उभ्या राहिल्या. मला हे सांगताना फोनवर म्हणाली, "आई, मी तठी पहिल्यांदा आजीबद्दल बोलली. कॉलेजात इतके वर्षं शिकली, छातीचे सगळे औषधं पाठ केले, पन आजी काहून मेली हे मले कोणी विचारलं नाही, अन् मी बी नाही विचारलं."

मग वर्गात सांगितलं. मग तिच्या मॅडमनं दुसऱ्या मॅडमकडे पाठवलं, त्या छातीच्या रोगांच्या. पोट्टी औषधाच्या गोळ्या सोडून धुळीची पुस्तकं वाचायला लागली. सुट्टीत पोरं फिरायला जातात, ही बंद खाणी आणि गिरण्या बघत फिरली. आमचे हे, तिचे बाबा, ऑटो चालवतात, त्यांना सगळ्यात गंमत वाटते. म्हणाले, "पोट्टी औषध बनवाले गेली होती, आता खोकला मोजाले येऊन राहिली." मी म्हटलं, तुम्हाला हसू येतं, कार्ड कोण घालणार गळ्यात? तर म्हणतात, "तुह्याच गळ्यात घालू. पोहेवाली मॅडम." या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

एक दिवस दुपारी फोन आला, तिकडे तेव्हा सकाळ असते. आधी विचारलं, "आई, गूळ खाल्ल्यावर आजीले बरं वाटत होतं का?" मी म्हटलं, "गोड लागत होतं." तिनं पेन उचलला. मग म्हणाली, ते लिहून घेऊ का मी, तू जसं बोललीस तसंच? मी म्हटलं, घे, त्याला काय लागतं. आणि मग हळूच, त्या मफलरमधून, "तू मले एक डाव सूप मांडीवर घेऊन दाखवशील का? वळताना नाक तंबाखूच्या किती जवळ येते ते पाहाचं हाय."

माय, माझ्या हातातला झारा खाली पडला. मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, बरं, तू नको. मी शिकीन. बायांसोबत बसायचं तर हात रिकामे ठेवून कसं चालेल? तूच सांगितलंस ना, रिकाम्या हाताशी कोणी बोलत नाही. बघ, माझंच बोलणं माझ्यावर. गप्पा मारता मारता मी कधीतरी सांगितलं असेल, हिनं तेवढंच नेमकं धरून ठेवलं. म्हणजे ती तुझ्या गल्लीत, तुझ्या ओट्यावर बसणार, आणि सूप तिच्या मांडीवर. तिच्या. मी जे होऊ देणार नाही म्हणून काचेवर हात ठेवून बोलले, तेच.

मग मी तिला शपथेचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, तोंडातून गेलं. मला वाटलं आता तरी गप्प बसेल. ती म्हणाली, "त्या फोटोवर हात ठेवून?" मी म्हटलं, हो, आणि आता तूच बघ. ते परदेशात गेले, शिकले, मोठे झाले. ती म्हणाली, "अन् मंग?" मी म्हटलं, मग काय. ती म्हणाली, "मंग वापस आले नं वं आई. तूच सांगत होती मले विमानतळावर. ते बोटीनं गेले अन् बोटीनं वापस आले, आपल्या माणसाइसाठी. तू बी वापस येजो, असं." मी म्हटलं, मी मिहानला वापस ये म्हटलं होतं, गल्लीत नाही. तर हसली. मग हसू थांबवून म्हणाली, तू नाही म्हणलं तर मी नाही करणार. कंपनीला हो कळवीन. आजीची शपथ आहे, मी मोडणार नाही, आणि तुला चोरून तर मुळीच करणार नाही. रविवारी सांग.

मला झोप येत नाही असं नाही, झोप येते, ठेल्याचं काम करून कोणालाही येईल. पण हात चालत नाहीत. परवा तर्रीत मीठ दोनदा पडलं. एक पोरगी, कार्ड पाठीवर टाकलेली, पहिला घास घेऊन म्हणाली, "काकू, आज समुद्र टाकला का?" मी तिलाच ओरडले. मग पुन्हा पोहे लावून दिले, पण ती शेव न घेताच गेली. ती गेली त्या रस्त्याकडे बघत राहिले. तिला तिथं आत काय करावं लागतं मला माहीत नाही. मला फक्त कार्ड माहीत आहे. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि अजून राग आला.

मंगळवारी ठेला लवकर बंद केला आणि तुझ्या गल्लीत गेले. तू गेल्यावर मी तिथं जात नाही, घर विकलं तेव्हापासून तर नाहीच. समोरच्या घरातली मावशी, तुझी जोडीदारीण, तेवढी एक उरली आहे. मी ठरवून गेले होते की तिच्या तोंडून नाही म्हणवून घ्यायचं. ती म्हणेल, कशाला आमच्या मागे लावता पोरीबाळी, आणि मी पोट्टीला सांगेन, बघ, बायांनाच नको आहे. मावशी ओट्यावरच होती. अजून वळते, आता थोड्या. मांडीवर सूप. मला बघून म्हणाली, "आली का वं शहरवाली?" मी म्हटलं, मी काय शहराबाहेर राहते? "वर्धा रोड म्हन्जे आमाले दिल्लीच."

मी सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. मी म्हटलं, मावशी, ते लोक नळीत फुंकायला लावतात, छातीत किती हवा राहते ते बघतात, तुला हे पटेल का? ती म्हणाली, "माह्या छातीत पाहाचं काय हाय? कबुतरं हायेत. दिवसभर घुटुरघुटुर. कान लाव, फुकटात आयकू येते." आणि खरंच, माय, तिनं माझं डोकं धरून छातीशी लावलं. कबुतरंच होती.

मग ती पाणी आणायला उठली. उठताना सूप कुठं ठेवायचं, तर माझ्या मांडीवर ठेवलं, तुम्ही ठेवायच्या तसंच, न विचारता. मी बोलतच होते. नाही, पोट्टीनं हे करू नये, आम्ही एवढं केलं ते कशासाठी, मी आतल्या अंधाराकडे बघून मोठ्यानं बोलत होते. ती तांब्या घेऊन आली आणि उभी राहिली. म्हणाली, "बोल बोल. हात बी चालू दे." मी खाली बघितलं. माझ्या बोटांत बिडी होती. पान कापलं होतं, तंबाखू भरली होती, दोरा बांधून झाला होता, फक्त तोंड दुमडायचं राहिलं होतं. मला कळलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांनी, माझ्या हातांनी मला विचारलंही नाही. आणि नाक कुठं होतं माहीत आहे? सुपात. तंबाखूच्या अगदी वर. पोट्टीला बघायचं होतं तेवढंच जवळ.

मी सूप बाजूला सारलं आणि मला ठसका लागला. लवकर थांबेना. मावशीनं पाठीवरून हात फिरवला, पाणी पाजलं आणि विचारलं, "कवापासून खोकलून राहिली?" मी म्हटलं, "काही नाही. तर्रीचा ठसका हाय. फोडणी दिवसभर नाकातोंडात जाते." मावशीनं त्या अर्ध्या बिडीचं तोंड नखानं दुमडलं, सुपात टाकली आणि म्हणाली, "हव. माहा बी तर्रीचाच हाय." तिच्या घरात चूल कधीतरी पेटते, तर्री कुठून येणार? माझ्याकडे न बघता बोलली. तू पण अशीच बोलायचीस, टोमणा मारायचा आणि दुसरीकडे बघायचं.

निघताना मी तरी शेवटचं विचारलं, पोट्टीला काय सांगू? तर म्हणाली, "पाठव तिले. आजवर आमच्या बिड्या किती ते साऱ्याइनं विचारलं. तू कशी हाय, हे कोनीच नाही विचारलं." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "अन् येताना तिले गूळ आनाले सांगजो. आमचा संपला."

आता सांग. मी नाही म्हणवून घ्यायला गेले होते आणि हे घेऊन आले. तेव्हापासून मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडते आहे. तुला शपथ कशासाठी हवी होती? सूप नको म्हणून, की सुपाशी बसलेल्या बाईकडे कोणी बघत नाही ते नको म्हणून? हे दोन वेगळे असतील तर तसं स्पष्ट बोलायला हवं होतंस. हळद लागलेल्या पोरीला घाईघाईत आतल्या खोलीत नेऊन एवढीशी शपथ घालतात का? पोट्टी ते सूप घेईल, वळायला शिकेल, एखादी वळेलही, पण पोटासाठी नाही, आणि मधेच उठून जाऊ शकेल. तू उठू शकत नव्हतीस. मी पण नाही. मला हा फरक दिसतो. पण शपथेत हा फरक नव्हता, आणि मी अडाणी, जेवढं बोलले तेवढंच मला कळतं. तिला मी नाही म्हटलं तर ती कंपनीत जाईल, कार्ड घालेल, माझ्याकडे पोहे खाईल, मला हवं ते सगळं होईल. आणि ती कधी रागावणार नाही. हेच मला सहन होणार नाही. वाकून पोहे खाईल, छान झाले म्हणेल, आणि मी तिच्या पाठीवरच्या कार्डाकडे बघत राहीन.

तू आता परत येऊन सांगणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तूच शिकवलं आहे तसं. हे पत्र टाकायला पेटी नाही की पत्ता नाही, पोह्याच्या डब्यात तळाशी ठेवणार आहे, तिथं आमचे हे हात घालत नाहीत. तरी उत्तर पाहिजे. मला दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही. यांना विचारलं तर हसतील. पोट्टीला विचारायचं तर तिचंच तर उत्तर द्यायचं आहे. आणि तिला रविवारी हो म्हटलं, तर ती इथं येईल तेव्हा नळी घेऊन पहिले कोणासमोर उभी राहील? मावशीसमोर नाही, माय. दर रविवारी फोन उचलला की ती आधी खोकल्याचंच विचारते, आणि मी आधी तर्रीचंच सांगते.

तो तर्रीचा नाही. उन्हाळ्यात ठेला महिनाभर बंद होता तेव्हाही होता. अजून कोणाला सांगितलं नाही, तुला सांगते आहे. रात्री गूळ खाते मी, एक खडा, जिभेखाली. गोड लागतो.

तेव्हा शपथ सोडवते आहेस की नाही, काय ते शनिवारपर्यंत सांग.